खाडीचा काठ किती सरकला? किनाऱ्याच्या धूपेचे मापन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला

- ‘काठ’ या शब्दाचे मापनातील वेगवेगळे अर्थ सांगता येतील;
- काठ मोजण्याच्या प्रमुख पद्धती व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करता येतील;
- धूपेचा वेग आणि त्यातील त्रुटीची मर्यादा काढता येईल;
- धूप, भराव आणि पातळीवाढ यांतील फरक ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण ही नावे आज आपण उपनगरी रेल्वेच्या स्थानकांची म्हणून उच्चारतो. मुळात ही खाडीकाठची गावे आहेत. राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावलेली उल्हास नदी कल्याणच्या परिसरात काळू नदीला सामावून घेते आणि तेथून पुढे तिच्या पाण्यावर भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो. ठाण्याजवळ तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीकडे वळतो, तर एक अरुंद फाटा ठाणे शहराच्या कडेने जाऊन ठाणे खाडीला मिळतो. या सर्व पट्ट्यात लोकवस्ती, रेल्वेमार्ग, पूल, तिवरांची वने आणि चिखलपट्टे एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा ठिकाणी काठ दोन-चार मीटर सरकला, तरी त्याचा परिणाम कोणाच्या तरी घरावर, वाटेवर किंवा उपजीविकेवर होतो.

‘पूर्वी खाडी इतकी जवळ नव्हती’ असे काठावरचे वृद्ध सांगतात. हे निरीक्षण मोलाचे असते. परंतु त्यावरून काठ किती वर्षांत किती सरकला, कोणत्या कारणाने सरकला आणि पुढे किती सरकेल, हे ठरवता येत नाही. त्यासाठी मापन लागते. पण मापनाचा आकडाही एकटा पुरेसा नसतो. कोणती रेषा मोजली, पाणी कोणत्या पातळीवर असताना मोजली, किती काळाच्या अंतराने मोजली आणि चूक किती असू शकते, ही चार उत्तरे सोबत असतील तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो. या घटकाचा गाभा एवढाच आहे.

२. ‘काठ’ कशाला म्हणायचे?

काठाची माती वा खडक पाण्याने सुटा होऊन वाहून जाणे म्हणजे किनाऱ्याची धूप. याउलट गाळ साचून जमीन पाण्याच्या दिशेने वाढणे म्हणजे संचयन. दोन्ही क्रिया एकाच खाडीत, एकाच वेळी, समोरासमोरच्या काठांवर चालू असू शकतात. प्रवाह वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापतो आणि आतल्या बाजूला गाळ टाकतो.

मापन करणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो ‘काठ’ या शब्दाविषयी. साधारणतः पुढील चार रेषांपैकी एक निवडली जाते :

(अ) पाणकाठ – त्या क्षणी पाणी जमिनीला जेथे टेकले आहे ती रेषा.
(आ) भरतीरेषा – उधाणाच्या भरतीचे पाणी जेथपर्यंत पोहोचते ती रेषा.
(इ) काठाची कड – उभ्या काठाचा वरचा तुटलेला कंगोरा.
(ई) वनस्पतिरेषा – तिवरांची किंवा गवताची खाडीकडील शेवटची सीमा.

एकाच ठिकाणी या चारही रेषा वेगवेगळ्या जागी असतात. १९९० मध्ये पाणकाठ मोजला आणि २०२० मध्ये वनस्पतिरेषा मोजली, तर दोहोंतील अंतराला धूपही म्हणता येणार नाही आणि संचयनही. तुलना नेहमी सजातीय रेषांचीच करावी लागते.

३. भरती-ओहोटीमुळे होणारा भ्रम

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. कोकणात ओहोटीला ‘सुकती’ असेही म्हणतात. हे शब्द दर्याकाठच्या माणसांनी शतकानुशतके केलेल्या निरीक्षणातून आले आहेत आणि शास्त्रीय लेखनातही ते निःसंकोच वापरावेत. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते.

याचा मापनावर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या चिखलपट्ट्याचा उतार २०० मीटरांना १ मीटर इतका मंद आहे. दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या छायाचित्रांत पाण्याच्या पातळीत केवळ अर्ध्या मीटरचा फरक असेल, तरी पाणकाठ १०० मीटर पुढे-मागे दिसेल. जमिनीचा एक कणही हललेला नसताना ‘खाडीने शंभर मीटर जमीन गिळली’ असा निष्कर्ष निघेल! उभ्या काठावर मात्र याच अर्ध्या मीटरने रेषा जवळजवळ सरकणार नाही. म्हणून मंद उताराच्या जागी पाणकाठावर विसंबू नये. तेथे वनस्पतिरेषा अधिक विश्वासार्ह ठरते. उभ्या काठावर काठाची कड मोजावी.

येथे धूपेची एक बाजूही लक्षात घ्यावी. काठ भरतीच्या माऱ्याने कोसळतो अशी सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळदा तो ओहोटीच्या वेळी ढासळतो. भरतीत काठाची माती पाणी शोषून जड होते. सुकती लागल्यावर खाडीचे पाणी झपाट्याने उतरते, मातीतील पाणी मात्र तितक्या लवकर निघत नाही. बाहेरून पाण्याचा आधार गेलेला आणि आतून भार वाढलेला, अशा अवस्थेत मातीचे ढेकूळ सुटते. काठाच्या पायथ्याशी रेतीउपशाने खड्डा पडला असेल, तर काठ अधिकच उभा होतो आणि ही क्रिया वेगाने घडते. मुंब्रा, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याण येथील ‘रेतीबंदर’ हे नाव या जुन्या व्यवसायाची साक्ष देते. पूर्वीचे डुबी मारून घमेल्याने रेती काढणे आणि आजचे सक्शन पंपाने तळ खरवडणे यांत प्रमाणाचा प्रचंड फरक आहे. त्यातच वरच्या अंगाला बारवी, भातसा यांसारख्या धरणांच्या भिंतींमागे गाळ अडतो. म्हणजे काढली जाणारी रेती वाढली आणि येणारी घटली.

४. मापनाच्या पद्धती

*४.१ प्रत्यक्ष काठावरील मापन.* सर्वांत साधी पद्धत खुंटीची. काठाच्या कडेपासून काही मीटर आत पक्की खुंटी रोवावी किंवा एखादी न हलणारी खूण निवडावी आणि तेथून कडेपर्यंतचे अंतर टेपने ठरावीक काळाने मोजावे. दुसरी पद्धत सळईची. लोखंडी सळई उभ्या काठात आडवी ठोकतात आणि माती झिजून ती किती उघडी पडली हे पाहतात. मोठा लचका तुटला तर सळईही वाहून जाते; म्हणून खुंटी आणि सळई दोन्ही वापरणे श्रेयस्कर. अधिक नेमकेपणासाठी टोटल स्टेशन, उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची यंत्रे आणि ड्रोन वापरतात. या यंत्रांनी काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता साधता येते.

*४.२ जुने नकाशे.* भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आपल्याला कित्येक दशके मागे नेतात. त्यांची आजच्या चित्रांशी तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकमेकांवर नेमके बसवावे लागतात. त्यासाठी काळाच्या ओघात न हललेल्या खुणा लागतात. ठाणे–कल्याण लोहमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. त्याचा ठाण्याजवळील खाडीपूल किंवा कल्याणचा खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला अशा खुणांची जागा नकाशावर आणि चित्रावर जुळवून पाहता येते. मात्र १ : २५,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. नकाशाकाराच्या पेनाची रेषा अर्धा मिलिमीटर जाड असली, तरी तिच्याखाली साडेबारा मीटर जमीन झाकली जाते.

*४.३ उपग्रहचित्रे.* लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला. १९८० च्या दशकापासून या मालिकेतील चित्रे ३० मीटर विभेदनक्षमतेची आहेत. म्हणजे ३० मीटर लांब-रुंद चौकोन हा चित्रातील सर्वांत लहान ठिपका. सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ मध्ये सोडला गेला. त्याचा ठिपका १० मीटरांचा आहे. भारताच्या कार्टोसॅट-१ ने २००५ पासून सुमारे अडीच मीटर विभेदनक्षमतेची चित्रे दिली. पाणी अवरक्त किरण शोषून घेते आणि जमीन व वनस्पती ते परावर्तित करतात. या गुणधर्मावरून संगणक पाणी व जमीन वेगळी करतो.

अशा प्रकारे मिळालेल्या वेगवेगळ्या वर्षांच्या रेषा एका नकाशावर मांडतात. जमिनीच्या बाजूला एक आधाररेषा आखतात आणि तिच्यापासून काठाकडे ठरावीक अंतरावर लंबरूप छेदरेषा टाकतात. प्रत्येक छेदरेषेवर काठ किती सरकला ते मोजून वर्षांनी भागले, की त्या ठिकाणचा वेग मिळतो.

उपग्रहाच्या दोन अडचणी आपल्या भागात विशेष जाणवतात. तो ठरलेल्या घड्याळवेळी डोक्यावरून जातो; भरतीची वेळ मात्र रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे प्रत्येक चित्रात पाणी वेगळ्या पातळीवर असते. दुसरे म्हणजे, पावसाळ्यात पुरामुळे काठ सर्वाधिक कापला जातो आणि नेमके तेव्हाच ढग चित्र झाकून टाकतात. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतात, पण त्यांचा इतिहास तुलनेने लहान आहे.

५. त्रुटीची मर्यादा : एक गणित

समजा, १९९० च्या चित्रातील रेषेत ३० मीटरांपर्यंत आणि २०२० च्या चित्रातील रेषेत १० मीटरांपर्यंत चूक संभवते. एकत्रित त्रुटी काढताना दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. ३० चा वर्ग ९०० व १० चा वर्ग १००, बेरीज १,०००, वर्गमूळ सुमारे ३२ मीटर. कालावधी ३० वर्षांचा असल्याने वेगातील त्रुटी वर्षाला सुमारे १ मीटर येते. याचा अर्थ असा की, या दोन चित्रांवरून ‘काठ वर्षाला ६० सेंटिमीटर सरकतो’ असे कोणी सांगितले, तर ते विधान खरेही असू शकेल आणि काठ मुळीच सरकलेला नसणेही शक्य आहे.

आता खुंटीचे गणित पाहा. खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर प्रथम १२.४० मीटर होते; दीड वर्षाने ते ११.६५ मीटर झाले. फरक ०.७५ मीटर, वेग वर्षाला ०.५० मीटर. प्रत्येक मोजणीत ५ सेंटिमीटरची चूक धरली, तर एकत्रित त्रुटी सुमारे ७ सेंटिमीटर आणि वेगातील त्रुटी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. साध्या टेपने मिळालेले हे उत्तर त्या एका जागेपुरते उपग्रहापेक्षा कितीतरी नेमके आहे. मात्र ते एकाच जागेचे आहे. टेप एका बिंदूवर खोल पाहतो, उपग्रह संपूर्ण खाडीवर विस्ताराने पाहतो. म्हणून दोन्ही पद्धती परस्परपूरक ठरतात.

६. तुलनेसाठी : गोठलेल्या भूमीचा किनारा

तापणाऱ्या हवामानात किनाऱ्याची धूप कशी वाढते, याचे ठळक उदाहरण उत्तर ध्रुवीय प्रदेशात आढळते. सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअसच्या खाली राहणाऱ्या जमिनीला कायम गोठलेली भूमी म्हणतात. अशा किनाऱ्यावर मातीचे कण बर्फाने जखडलेले असतात. समुद्रावरचे बर्फ पूर्वीपेक्षा अधिक काळ दूर राहू लागले, की लाटा काठाच्या पायथ्याशी पोहोचतात, बर्फ वितळवून तेथे खोबण करतात आणि वरचा भाग मोठाल्या ठोकळ्यांच्या रूपाने कोसळतो. ध्रुवीय किनाऱ्यांचा सरासरी वेग वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास सांगितला जातो. पण अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील ड्रू पॉइंट येथे २००७ ते २०१६ या काळात काठ वर्षाला सरासरी सुमारे १७ मीटर मागे हटला.

मापनाच्या दृष्टीने हा किनारा आपल्या खाडीच्या अगदी उलट आहे. तेथे भरती-ओहोटीतील फरक फार थोडा, काठ उभा आणि वेग प्रचंड. नऊ वर्षांत दीडशे मीटर सरकणारी कड ३० मीटरच्या ठिपक्यांतही स्पष्ट दिसते. आपल्याकडे भरती मोठी, चिखलाचा उतार मंद आणि पुष्कळ ठिकाणी वेग कमी. म्हणून सरकणे त्रुटीत लपून जाते. न दिसलेली धूप म्हणजे न झालेली धूप, असे मात्र समजू नये.

७. गाळ, भराव आणि पातळीवाढ

ठाणे खाडीच्या वरच्या भागात गाळ साचून चिखलपट्टे उंचावत गेले आणि त्यांवर तिवरे पसरली. याच चिखलपट्ट्यांवर रोहित पक्ष्यांचे थवे येतात. २०१५ मध्ये येथे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. अशा ठिकाणी वनस्पतिरेषा पाण्याच्या दिशेने पुढे गेलेली दिसते व तिला संचयन म्हणणे योग्य असते. परंतु डंपरने राडारोडा टाकून खाडीत भर घातली, तरी उपग्रहचित्रात पाण्याच्या जागी जमीनच दिसते. संगणक दोन्हींना ‘जमीन वाढली’ असेच म्हणेल. ही नैसर्गिक वाढ की भराव, हे तेथे जाऊनच ठरवावे लागते. भरावामुळे प्रवाहाची रुंदी कमी होते आणि पुराच्या वेळी वेग वाढून समोरचा काठ कापला जाऊ शकतो. एका काठावरची ‘वाढ’ ही दुसऱ्या काठावरच्या धूपेचे कारण असू शकते.

पातळीवाढ हा तिसरा घटक. मुंबईत अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ ते २०१८ या काळातील वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. हाच वेग ३० वर्षे धरला, तर वाढ सुमारे ११ सेंटिमीटर होते. आपल्या उदाहरणातील चिखलपट्ट्यावर त्यामुळे रेषा सुमारे २२ मीटर आत येईल. अर्थात दरम्यान गाळ साचून पट्टा उंचावला नाही तरच. या क्रियेत माती वाहून जात नाही, जमीन पाण्याखाली जाते. तिला धूप न म्हणता ‘बुडणे’ म्हणणे शास्त्रशुद्ध होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. प्रत्येक सरकलेल्या काठाचे खापर हवामानबदलावर फोडले, तर स्थानिक रेतीउपसा आणि भराव यांची जबाबदारी कोणावरच राहत नाही. याउलट सारा दोष स्थानिक कारणांना दिला, तर वाढत्या पातळीची तयारी राहून जाते. कारणे वेगळी काढण्यासाठी काठ, तळ आणि पाण्याची पातळी या तिन्हींच्या नोंदी लागतात.

८. मापन आणि निर्णय

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील चित्रांवरून केलेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग धूपग्रस्त, सुमारे दोन तृतीयांश स्थिर आणि सुमारे एक दशांश वाढणारा आढळला. या वर्गीकरणात वर्षाला अर्ध्या मीटरपर्यंतचा बदल ‘स्थिर’ धरला जातो. ही राज्यपातळीवरची सरासरी आहे. तिच्यावरून डोंबिवलीच्या एखाद्या काठाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय खुंटीच्या उदाहरणातील वर्षाला ०.५० मीटर झिजणारा काठ या वर्गीकरणात ‘स्थिर’ आणि ‘धूपग्रस्त’ यांच्या सीमेवर येतो; घरापासून दहा मीटरांवर कड असलेल्या कुटुंबाला मात्र तो वीस वर्षांचाच अवधी देतो.

काठाची रेषा कायद्याचीही रेषा असते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीच्या प्रभावाखालील खाड्यांसाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ते अंतर धरले होते. २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ते, असे झाले. ५० मीटर म्हणजे १ : २५,००० च्या नकाशावर केवळ २ मिलिमीटर. पट्टा जितका अरुंद, तितकी मापनातील चूक महाग. दहा-वीस मीटरच्या चुकीने एखादे घर नियमांच्या आत येते किंवा एखादा भराव नियमांबाहेर सुटतो. म्हणून अशा रेषेविषयी वाचताना वर सांगितलेले चार प्रश्न नागरिक या नात्याने तुम्हीही विचारावेत.

९. सारांश

काठ ही एक रेषा नसून निवडलेली खूण आहे. तुलना सजातीय रेषांची, शक्यतो एकाच ऋतूतील आणि समान पाणीपातळीवरील असावी. काठावरील मापन नेमके पण मर्यादित, उपग्रहचित्र व्यापक पण स्थूल असते. वेग सांगताना त्रुटीची मर्यादा सांगणे अनिवार्य आहे. धूप, संचयन, भराव आणि बुडणे या चार वेगळ्या घटना आहेत; चित्रात त्या सारख्या दिसल्या, तरी त्यांची कारणे आणि उपाय वेगळे असतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. मंद उताराच्या चिखलपट्ट्यावर पाणकाठ मोजणे अविश्वसनीय का ठरते?
२. काठ ओहोटीच्या वेळी का ढासळतो, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
३. खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर दोन वर्षांत ९.२० मीटरवरून ८.६० मीटर झाले. धूपेचा वार्षिक वेग काढा. (उत्तर : ०.३० मीटर)
४. ‘चित्रात जमीन वाढलेली दिसणे म्हणजे संचयन होय.’ या विधानाची चिकित्सा करा.

उपक्रम

तुमच्या जवळच्या खाडीकाठावरील, नदीकाठावरील किंवा ओढ्याकाठावरील एक सुरक्षित जागा निवडा. पुलाचा खांब, देवळाचा चौथरा अशी न हलणारी खूण घेऊन तेथून काठाच्या कडेपर्यंतचे अंतर हिवाळ्यात आणि पुढील हिवाळ्यात मोजा. तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती आणि एकाच जागेवरून घेतलेले छायाचित्र यांची नोंद ठेवा. काठावरील ज्येष्ठांना जुन्या काठाविषयी विचारा आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत टिपून ठेवा. पावसाळ्यात, उधाणाच्या वेळी किंवा एकट्याने काठावर जाऊ नका. कडेवर उभे राहू नका, चिखलात उतरू नका. या नोंदींवर आधारित ३०० शब्दांचे टिपण लिहा आणि आपण मोजलेल्या आकड्यात किती चूक असू शकते, हे त्यात अवश्य नमूद करा.